पंखा बंद करा, नाव वाचायचंय

दान गुप्त असावं, या हाताचं त्या हाताला कळू नये, असं आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत आणि आमच्या शाळेची या वचनावर पूर्ण श्रद्धा आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ आहे. त्याच्या काचेवर लाल रंगात 'गुप्तदान' असं लिहिलं आहे आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरांत, देणाऱ्याचं, त्याच्या वडिलांचं आणि गावाचं नाव आहे. अक्षरं इतकी ठसठशीत आहेत की दुपारी चारनंतर तासकाटा त्या घराण्याच्या मागे जातो आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर येत नाही. तोवर वेळ अंदाजाने सांगावी लागते.

घड्याळावरची ती अक्षरं तायडे सरांच्या हातची.

पुंजाजी तायडे आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा खाजगी, दिवसाची, सुलतानपूरहून बीबीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. एका बाजूला रस्ता, उरलेल्या तिन्ही बाजूंना तूर. खाजगी शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणजे ज्याच्याकडे ब्रश आहे असा माणूस, अशी संस्थेची साधी समजूत होती. त्यामुळे वर्गातल्या तासांखेरीज शाळेतल्या प्रत्येक दानावर दात्याचं नाव रंगवणं हे त्यांचं काम होऊन बसलं होतं. पाण्याच्या टाकीवर नाव, बाकांच्या पाठीवर नाव, घंटेवर नाव, घंटा वाजवायच्या लोखंडी तुकड्यावर दुसऱ्याच माणसाचं नाव. मोठा महामार्ग आमच्या भागातून गेला, ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांच्या हातात एकदम पैसा आला आणि त्यातला थोडा शाळेकडे वळला. त्या काळात सरांचा लाल रंगाचा डबा कधी वाळला नाही.

सर अंगाने किरकोळ, डोळ्यांना जाड चष्मा, आणि शर्टाच्या खिशात नेहमी एक पेन्सिल. ती लिहिण्यासाठी क्वचितच बाहेर निघे. हात सरळ पुढे करून, एक डोळा मिटून, पेन्सिल उभी धरून ते जगातल्या कोणत्याही वस्तूचं माप घेत. बैल, विजेचा खांब, मुख्याध्यापक. नवीन आलेल्या मुलांना वाटायचं सर नेम धरताहेत. मी मराठी शिकवायला या शाळेत आलो त्या पहिल्याच कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण चालू असताना ते माझ्या शेजारी बसून असंच माप घेत होते. मग हळूच म्हणाले, "सहा डोक्याचा मानूस हाये."

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं, की माणसाच्या उंचीत त्याचं डोकं साधारण साडेसात वेळा बसतं. यांचं सहाच वेळा बसतंय. यात टीका नव्हती. पाहुण्यांच्या भाषणात पाहण्यासारखं एवढंच होतं आणि ते त्यांनी पाहिलं होतं.

पाहणं हाच त्यांचा विषय होता. चित्रकला नंतर यायची. वर्गात पहिल्या तासाला ते एखादा तांब्या, कधी भेंड्यांचा वाटा, कधी सायकलची जुनी सीट घेऊन येत आणि टेबलावर ठेवून खुर्चीवर बसत. मुलं वह्या उघडत, पेन्सिली छिलत. सर म्हणत, "ठेवा बे ते खाली. डोया आधी, हात मंग." पूर्ण तास मुलांनी नुसतं पाहायचं. तास संपला की ते ती वस्तू पिशवीत घालून निघून जात. दुसऱ्या दिवशी, वस्तू समोर नसताना, चित्र काढायचं आणि तिसऱ्या दिवशी वस्तू परत समोर ठेवून ते पुरं करायचं. पालकांपैकी एकाने येऊन तक्रार केली होती, की मुलगा घरी सांगतो आज शाळेत भेंडी पाहिली. भेंडी पाहायला आम्ही फी भरतो काय? सरांनी त्याला विचारलं, भेंडीला धारा किती असतात. तो माणूस भेंडीच लावायचा. तो विचारात पडला आणि परत गेला. सरांनाही नक्की माहीत नव्हतं म्हणूनच त्यांनी विचारलं होतं, असं ते नंतर मला म्हणाले. "त्याईचं तं वावर हाये, मले वाटलं त्याईले ठाऊक असन."

त्यांची जिज्ञासा अशी होती. तिला कोणाला हरवायचं नसायचं. पंख्याची गोष्ट त्यावरून आठवते.

आमच्या गावात कृषी केंद्र चालवणारे वाघ काका आहेत. माणूस दिलदार, दान द्यायचं तर हात आखडत नाही आणि नाव लिहायचं तर जागा सोडत नाही. वडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी नववीच्या वर्गाला पंखा दिला. पंख्याला तीन पाती. एका पात्यावर वडिलांचं नाव, दुसऱ्यावर आजोबांचं, तिसऱ्यावर आडनाव, असं त्यांनी स्वतःच ठरवून आणलं होतं. सरांनी एकदाच विचारलं, "काका, पंखा फिरन तेव्हा हे दिसन काय?" वाघ काका म्हणाले, "काऊन नाही दिसनार? वरतीच तं राह्यन." विषय संपला. सरांनी पांढऱ्या पात्यांवर लाल अक्षरं अशी सुरेख काढली की वाघ काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

लोकार्पण चैत्रात होतं. वर्गात माणसं दाटलेली, खिडक्यांतून ऊन. पाहुण्यांनी बटण दाबलं, पंखा फिरू लागला, टाळ्या पडल्या, सगळ्यांच्या अंगाला वारा लागला. वाघ काका वर पाहत होते. त्यांचे वडील, आजोबा आणि आडनाव यांचं मिळून एक गुलाबी कडं झालं होतं. काका म्हणाले, "पंखा बंद करा. नाव वाचाचं हाये."

पंखा बंद झाला. पाती थांबली तेव्हा आडनाव फळ्याकडे आणि वडील दाराबाहेर. मग काठीने ढोसून पाती नीट लावली, फोटो झाला, त्या तशा उकाड्यात सत्कार झाले, शाल अंगावर घेऊन पाहुणे बोलले. कार्यक्रम आटोपून कोणी तरी पंखा लावला तोच वाघ काकांच्या आत्याबाई जालन्याहून पोचल्या. पंखा परत बंद. तेव्हापासून शाळेत रिवाजच पडला, की नववीच्या वर्गात कोणी मोठा माणूस शिरला की आधी उठून पंखा बंद करायचा. मुलांना तो आदर दाखवण्याचा प्रकार वाटायचा. पुढे दुसऱ्या शाळांत गेलेली आमची मुलंही पाहुणे दिसले की पंख्याच्या बटणाकडे धावत, असं ऐकिवात आहे.

आम्ही बाकीचे शिक्षक या प्रकरणावर आठवडाभर हसत होतो. तायडे सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गावरून गेलो तर पोरं बाकांवर उताणी पडली होती आणि सर टेबलावर. पंखा चालू होता. "लाल अन् पांढरं. फिरलं की काय झालं?" गुलाबी, मुलं म्हणाली. "म्या टाकला काय गुलाबी?" नाही सर. "मंग कुठून आला?" सगळी पोरं परत वर पाहू लागली. त्या तासाच्या जोरावर मुलांनी पुठ्ठ्याच्या भिंगऱ्या करून, त्यांवर रंगांचे पट्टे ओढून, कोणता रंग कशात मिसळला की काय होतं याचा आठवडाभर धुमाकूळ घातला. वाघ काकांच्या दानाचा एवढा उपयोग पुढे कोणी केला नाही.

आता सरांना काय हवं होतं ते सांगतो, कारण त्यांना जन्मात एकच गोष्ट हवी होती. एक खोली. आमच्या शाळेत चित्रकलेचा वर्ग व्हरांड्यात भरायचा आणि व्हरांडा मावळतीकडे तोंड करून होता. दुपारच्या तासाला ऊन सरकत आत यायचं. मुलं तांब्याची सावली डावीकडे काढत तोवर ती उजवीकडे लांब झालेली असायची. "सर, सावली हालली," ही त्या वर्गातली कायमची तक्रार. उत्तरेकडून येणारा उजेड हलत नाही, त्यात ऊन शिरत नाही, सकाळी ठेवलेली सावली संध्याकाळीही तिथेच सापडते, हे सर मला पुनःपुन्हा सांगत. चित्रकलेच्या पदविकेच्या वेळी ते अशा एका खोलीत शिकले होते. त्या खोलीबद्दल ते इतर लोक आजोळाबद्दल बोलतात तसं बोलत. निवृत्ती फार लांब राहिली नव्हती. त्याआधी उत्तरेला मोठी खिडकी असलेली एक खोली शाळेला मिळावी, एवढंच.

संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब. शाळा त्यांनी उभी केली, हे खरंच आहे. त्यांच्या आधी इथल्या मुली सातवीनंतर घरी बसायच्या. पण उभी केल्यावर ती दिसलीही पाहिजे, असं त्यांचं मत होतं. सरांनी खोलीचा विषय काढला त्या वर्षी कमान झाली. पुढच्या वर्षी काढला तेव्हा कमानीला दिवे लागले. आमची शाळा दिवसाची असल्यामुळे ते दिवे लागलेले विद्यार्थ्यांनी कधी पाहिले नाहीत.

खोली मिळाली ती एका वांग्यामुळे.

प्रणाली नावाची आठवीतली मुलगी होती. घरी भाजीपाला. तिने जिल्ह्याच्या चित्रस्पर्धेत वांग्याचं चित्र पाठवलं आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. इतर मुलांनी धबधबे, मोर आणि प्रदूषण काढलं होतं. हिने एक वांगं, देठासकट. संस्थेने गुणगौरव सोहळा ठेवला. मंचामागे भलंमोठं फ्लेक्स लागलं. मधोमध भाऊसाहेब हात जोडून, भोवती संचालक मंडळ आणि खाली कोपऱ्यात प्रणालीचा पासपोर्टएवढा फोटो. वांगं कुठेच नव्हतं. सरांनी पेन्सिल काढली, डोळा मिटला आणि बराच वेळ माप घेतलं. "भाऊसायबाच्या मिशीत पोट्टी दोनदा बसते," ते म्हणाले.

पाहुणे शिक्षण खात्यातले एक अधिकारी होते. बक्षीस देऊन झाल्यावर त्यांनी प्रणालीला माईकवर बोलवलं आणि या यशाचं रहस्य विचारलं. अशा वेळी काय बोलायचं ते आमच्या शाळेत मुलांना पाठ असतं. आईवडील, गुरुजन, संस्था, भाऊसाहेब, या क्रमाने. पण तिला कोणी शिकवायचं विसरलं होतं. ती म्हणाली, "वांगं चांगलं नाही झालं सर. सावली हालली, म्हनून खालचं अंदाजानं केलं."

सभागृहात हशा झाला. साहेबांनी विचारलं, सावली का हलली?

"वर्ग व्हरांड्यात हाये. ऊन येते. उत्तरेची खिडकी असन तं सावली जागची हालत नाही. पन आमाले खोलीच नाही."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. सावली का हलली विचारलं म्हणून सांगितलं. साहेबांनी मान वळवून भाऊसाहेबांकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. ते कधी नव्हे ते खाली बघत होते. भाऊसाहेबांच्या अंगी एक गुण होता: कोणतीही अडचण ते उभ्या उभ्या घोषणेत बदलू शकत. ते उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, की हीच घोषणा करण्यासाठी आजचा सोहळा आयोजित केला आहे. उत्तरेला भव्य खिडकी असलेला कलाकक्ष संस्था बांधणार. लोकवर्गणीतून. आणि लोकवर्गणीची जबाबदारी आदरणीय तायडे सर घेतील.

सरांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. एसटीत जागासुद्धा. पहिला प्रयत्न त्यांनी आपल्या पद्धतीने केला. शाळेच्या आनंद मेळाव्यात, जिथे मुलं पाणीपुरी आणि आलूबोंड्याची दुकानं लावून पालकांना विकतात, तिथे सरांनी एक टेबल टाकलं: समोर बसा, चित्र काढून देतो, खोलीसाठी जमेल ते द्या. पहिले बसले वाघ काका. सरांनी मन लावून चित्र काढलं. काकांनी ते हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"सर, हे तं मायासारखंच दिसते."

"हाव."

"थोडं बरं काढा नं."

"मंग ते तुमचं नाही राह्यनार काका."

काकांनी पैसे दिले आणि चित्र तिथेच टेबलावर विसरले. गर्दीने चित्रही पाहिलं आणि काकांचा चेहराही, आणि ती शेजारच्या पाणीपुरीकडे सरकली. संध्याकाळी सरांकडे खोलीच्या उंबऱ्यापुरती वर्गणी जमली होती.

मग दारोदार. मी बरोबर जायचो, कारण सर कोणाच्या अंगणात शिरले की वर्गणी विसरून तिथला रांजण पाहत बसायचे. देऊळघाटपर्यंत गेलो, ते सरांचं गाव. सगळीकडे चहा मिळे, आस्था मिळे आणि मग एकच प्रश्न येई: "नाव कुठी येईन?" पहिल्या काही घरांत सर प्रामाणिकपणे म्हणाले, अजून ठरलं नाही. तिथे काही मिळालं नाही. मग एका घरात ते नुसतं सुटका व्हावी म्हणून म्हणाले, "भिंतीवर." त्या माणसाने आतून पैशांची पिशवी आणली. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पंख्यातलं गुलाबी कडं पाहून त्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतर ते सगळ्यांनाच भिंत कबूल करत सुटले. विटा देणाऱ्याला भिंत, रेती टाकून देणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला भिंत, मजुरीचा एक दिवस देणाऱ्या गवंड्याला भिंत. प्रणालीच्या बापाने मेळाव्यासाठी वांगी दिली होती, त्यालाही. अट एकच: अक्षर सगळ्यांचं सारखं. रेतीवाल्याचं जेवढं, तेवढंच वाघ काकांचं. हे वाघ काकांना रुचलं नाही, पण चित्राच्या प्रकरणानंतर ते सरांशी फार बोलत नसत.

खोली उठू लागली. उत्तरेकडे खिडकीसाठी एवढं मोठं भगदाड ठेवलं होतं की गवंडी म्हणाला, सर, इथून ट्रॅक्टर आत येईन. सर रोज शाळा सुटली की त्या भगदाडात उभे राहून पलीकडची तूर पाहत. आत कच्च्या जमिनीवर त्यांनी एक वीट ठेवली होती. तिची सावली ते सकाळी खडूने आखायचे आणि संध्याकाळी तपासायचे. हलली नव्हती.

स्लॅब पडल्यावर भाऊसाहेब पाहणीला आले. त्यांनी चारही भिंतींवर नजर टाकली. पूर्वेला दार. पश्चिमेला फळा. दक्षिणेच्या भिंतीवर भाऊसाहेबांच्या वडिलांची तसबीर आणि कोनशिला लागणार हे पाया खणण्याच्याही आधी ठरलेलं. त्यांनी विचारलं, दात्यांची नावं कुठे? सर एकेक भिंत मोजू लागले. एवढ्या घरांत भिंत कबूल करताना त्या खोलीला भिंती चारच असणार, हा विचार त्यांनी केला नव्हता. आणि नावं तर पंचक्रोशीची होती.

"उत्तरेची भिंत घ्या," भाऊसाहेब म्हणाले. "पूर्ण ग्रॅनाइट लावू. खिडकी बुजवा. गवंडी सोमवारी हायेच."

मी म्हटलं, भाऊसाहेब, खोली त्या खिडकीसाठीच बांधतोय. ते माझ्याकडे पाहून समजुतीने हसले. "मास्तर, खिडकीनं वर्गणी देली काय? लोकायनं देली. अन् त्याईले भिंत कोनं कबूल केली? म्या?"

मला वाटलं सर काही तरी बोलतील, रागावतील. ते भगदाडापुढे गेले, हात लांब केला, डोळा मिटला आणि पेन्सिलीने माप घेऊ लागले. उभं, मग आडवं. भाऊसाहेब निघून गेले तरी ते माप घेतच होते. निवृत्तीच्या तोंडावर त्यांची खोली त्यांच्याच शब्दाने बुजली जात होती, आणि शब्द मागे घेणारा तो माणूस नव्हता.

रविवारी सकाळी ते भाऊसाहेबांच्या घरी गेले. मलाही नेलं. भाऊसाहेब ओट्यावर पेपर वाचत होते.

"नावं उत्तरेकडंच पाह्यजेत?" सरांनी विचारलं.

"हाव."

"सगळी. अन् वाचता आली पाह्यजेत."

"तेच तं म्हनतो ना मी."

"मंग ग्रॅनाइट काऊन? म्या हातानं लिहितो. सागाच्या पल्ल्यायवर. खिडकी जेवढी मोठी तेवढे पल्ले. लावले की पूर्ण भिंत नावायची."

भाऊसाहेबांनी पेपर खाली ठेवला. ग्रॅनाइटचा भार संस्थेवर येणार होता. सागाचा ओंडका एका दात्याने आधीच देऊ केला होता. त्यांनी पुन्हा विचारलं, नावं दिसतील ना? सर म्हणाले, खिडकी लावली की सगळी दिसतील. हे अक्षरशः खरं होतं. भाऊसाहेबांनी चहा मागवला.

सुताराला एकच गोष्ट चमत्कारिक वाटली. खिडकीचे पल्ले, म्हणजे झडपा, आत उघडणारे करायचे होते, आणि उघडल्यावर सपाट भिंतीला चिकटले पाहिजेत असे. तो म्हणाला, आजकाल सगळे बाहेर उघडतात, हे आत काऊन? सर म्हणाले, बाहेर पाऊस लागन, नावं जातीन. दात्यांच्या नावांची एवढी काळजी घेणारा माणूस सुताराने पाहिला नव्हता.

मग सरांनी पल्ल्यांच्या आतल्या अंगाला लिहायला घेतलं. मी त्यांची पुष्कळ अक्षरं पाहिली होती, पण अशी नाही. एकाही नावाला दुसऱ्यापेक्षा वेलांटी लांब नाही. रेतीवाला, गवंडी, वाघ काका, प्रणालीचा बाप, सगळे एका ओळीत, एका उंचीचे, जणू प्रार्थनेला उभे.

उद्घाटनाला खिडकीवर मखमली पडदा लावला होता. भाऊसाहेबांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. पण खिडकी लावलेली, दारात माणसांची भिंत, आणि वायरिंग व्हायचं होतं. खोलीत मिट्ट काळोख. क्षणभर कोणाला काय करावं कळेना. मग वाघ काकांनी खिशातून मोबाईल काढून टॉर्च लावला. पाठोपाठ सगळ्यांनी. अंधारात उजेडाचे ते ठिपके पल्ल्यांवरून फिरले, अडले, पुढे सरकले आणि एकेक करून आपापल्या जागी स्थिर झाले. प्रत्येकाने आपलं नाव आपल्या उजेडात वाचलं. दुसऱ्याचं कोणी वाचल्याचं मला दिसलं नाही. लोक समाधानाने जेवायला गेले.

मंडप रिकामा झाल्यावर सरांनी पल्ले उघडले. नावं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि उत्तरेचा उजेड आत आला.

मी त्यांना विचारलं, की हे तुम्ही मुद्दाम केलं का? ते चष्मा पुसत होते. म्हणाले, "कबूल केलं होतं ते केलं." मग थोड्या वेळाने, "पाहा, कसा पडला."

त्या खोलीत त्यांनी निवृत्तीपर्यंत शिकवलं. त्या काळात चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना आमची मुलं पूर्वी कधी नव्हती इतक्या चांगल्या श्रेणीत आली. भाऊसाहेबांनी त्याचंही फ्लेक्स लावलं.

सर हल्ली देऊळघाटला असतात. मला त्यांचं शेवटचं आठवतं ते शाळेतलं, निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यातलं. मी निरोपसमारंभाचं विचारायला कलाकक्षात गेलो होतो. टेबलावर वांगं होतं, देठासकट, आणि मुलं पाहण्याच्या तासात होती, म्हणजे वर्ग शांत होता. तेवढ्यात दारात वाघ काका. बरोबर मुलीच्या सासरची मंडळी, संभाजीनगरहून आलेली. त्यांना नाव दाखवायचं होतं.

सर उठले. एक मुलगा सवयीने पंख्याचं बटण शोधू लागला. ते इथे नव्हतं. सरांनी मान हलवली तशी दोन मुलींनी पल्ले लावले. अंधार झाला. काकांनी टॉर्च लावून व्याह्यांना नाव दाखवलं. व्याही म्हणाले, छान आहे, पण अक्षर जरा बारीक वाटतं. काका म्हणाले, सगळ्याईचं सारखंच हाये. त्यांच्या आवाजात मला तक्रार ऐकू आली नाही. थोडा अभिमान असावा. मग त्यांनी विचारलं, "सर, लाईट अजून नाही?"

अंधारातून सरांचा आवाज आला. "दिवसाची शाया हाये, काका."

मंडळी गेली. पल्ले उघडले. वांगं होतं तिथेच होतं, आणि त्याची सावलीही. सर टेबलापुढे हात लांब करून, एक डोळा मिटून उभे होते. अंधारातही ते तसेच उभे राहिले असावेत. मी निरोपसमारंभाचं न विचारताच परत आलो.

त्या खोलीत अजून वीज नाही. पंखा द्यायला दोन दाते तयार आहेत.